उरलेले दोन टक्के

रिक्षा हॉस्पिटलच्या फाटकातून बाहेर पडली आणि आईने माझ्या मनगटावर हात ठेवला. "अगं, तो मुलगा मघाशी काय म्हणाला? अठ्ठ्याण्णव टक्के मशीनच चालवतंय म्हणाला ना?" मी स्वारगेटहून वाईला जाणारी पुढची गाडी कितीची, ते मोबाइलवर शोधत होते. "हो आई, म्हणजे मशीन छान चाललंय तुझं," मी मान वर न करता म्हटलं. सिग्नल लागला, सुटला, पुन्हा लागला. शेजारून एक टेम्पो कर्कश हॉर्न देत गेला. मग ती रस्त्याकडे बघत हळूच म्हणाली, "म्हणजे माझं माझं असं दोनच टक्के उरलंय." मी "तसं नसतं गं" म्हणाले आणि तिथेच थांबले, कारण कसं असतं ते मलाही सांगता आलं नसतं. गाडी मिळाली, खिडकीची जागा मिळाली, तिने पिशवीतून चिवड्याचा पुडा काढून माझ्या हातात दिला, तो विषय तिने पुन्हा काढला नाही. पण ते वाक्य माझ्यासोबत घाट चढून आलं.

पेसमेकरच्या तपासणीची खोली मला आधी फार साधी वाटली होती. एक पलंग, एक पडदा, लॅपटॉपसारखं यंत्र आणि त्याला जोडलेली, हाताच्या तळव्यात मावेल अशी एक चकती. मशीन तपासणाऱ्या मुलाने ती चकती आईच्या डाव्या खांद्याखाली, पदरावरूनच ठेवली. पडद्यावर लगेच रेघा पळू लागल्या. सहा महिन्यांत तिच्या छातीत काय काय झालं, ते सगळं त्या डबीने लिहून ठेवलेलं होतं. बॅटरी किती उरली, तारा नीट आहेत का, किती ठोके तिचे, किती मशीनचे. मग तो म्हणाला, "आजी, आता दोन-चार सेकंद जरा हलकं वाटेल हं." त्याने कुठलीशी कळ दाबली आणि मशीन मुद्दाम मंद केलं, खाली तिचं स्वतःचं काय चाललंय ते बघायला. आईची बोटं माझ्या तळव्यात रुतली. पडद्यावरच्या दोन उंचवट्यांमधलं अंतर लांबत गेलं. एक ठोका, मग नुसती सपाट रेघ, सपाट रेघ, मग दुसरा. कोपऱ्यातला आकडा ७२ वरून ३२ वर आला. त्याने समाधानाने मान हलवली, कळ पुन्हा दाबली आणि उंचवटे परत शाळेच्या रांगेतल्या मुलांसारखे जवळजवळ उभे राहिले. आईच्या ओठांवर रंग परत येताना मला दिसला. त्या तीन-चार सेकंदांत मला कळलं, की आदल्या अख्ख्या वर्षभर ती याच सपाट रेघेवर उभी राहून स्वयंपाक करत होती.

तेव्हा ती सांगत होती. हे मला नोंदवून ठेवलंच पाहिजे. चैत्रातल्या हळदीकुंकवाला पन्ह्याचे पेले भरता भरता तिने खांबाला हात लावला आणि म्हणाली, "डोळ्यांपुढे अंधारी आली गं." आम्ही म्हणालो, ऊन किती आहे, त्यात तुझे उपास. ज्येष्ठात ती मोरीत पडली. "पाय घसरला," असं तिनेच सांगितलं आणि आम्ही मोरीत नवीन रबरी पायपुसणं आणून टाकलं. दादा म्हणायचा, पाणी कमी पितेस. वहिनी बिचारी लिंबू-सरबत करून द्यायची. मी पुण्याहून फोनवर रोज एकच विचारायचे, "बीपी तपासलंस का?" आणि उत्तर यायच्या आत दुसरं काही बोलू लागायचे. गावातल्या एका दवाखान्यातून ॲसिडिटीच्या गोळ्या आल्या, शक्तीचं टॉनिक आलं. जिना चढताना ती मध्येच पायरीवर बसायची, तर नातवंडं म्हणायची, आजी दमली. एकाहत्तर वर्षांची बाई दमणारच, असं आम्ही सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. पुढच्या वर्षीच्या आषाढात ती गणपतीच्या घाटावर, पायऱ्यांवर कोसळली. कुणीतरी तिला उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे एक अगदी तरुण डॉक्टर होती. तिने आधी मशीनला हात लावला नाही. आईचं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि पूर्ण मिनिटभर काही न बोलता नाडी मोजली. चौतीस.

दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी तिचा हात मिनिटभर धरून बसलं होतं.

ईसीजीच्या गुलाबी चौकटींच्या पट्टीवर निदान आलं: कंप्लीट हार्ट ब्लॉक. आणि त्या दिवसापासून फोन सुरू झाले. "किती ब्लॉकेज निघाले?" "अँजिओप्लास्टी केली का? स्टेंट कितीचा?" आपल्याकडे हृदयाचं दुखणं म्हणजे तुंबलेली नळी, एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. मलाही तेवढंच ठाऊक होतं. आईच्या रक्तवाहिन्या साफ होत्या, स्नायू धड होता. बिघडली होती ती वायरिंग. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, तो आपण जन्मायच्या कितीतरी आधीपासून विजेची बारीकशी हाक देत असतो. दिवसाला लाखभर वेळा. ती हाक वरच्या दोन कप्प्यांतून पसरते आणि खालच्या दोन कप्प्यांकडे जाताना मधल्या एका अरुंद वाटेवरून उतरते. ही वाट जपानहून जर्मनीतल्या मारबुर्गला शिकायला गेलेल्या सुनाओ तावारा नावाच्या डॉक्टरने १९०६ मध्ये नीट शोधून मांडली. त्याच्या पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये कीथ आणि फ्लॅक यांना वरचा पुंजका सापडला. आईच्या छातीत वरचा पुंजका ठणठणीत होता. हाक वेळेवर निघत होती. मधली वाट तुटल्यामुळे खाली काहीच पोचत नव्हतं आणि खालचे कप्पे जीव धरण्यापुरते, आपल्या आपण, मिनिटाला तीस-चौतीस वेळा आकसत होते.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री डॉक्टर समजावून सांगायला आले, तेव्हा आईने त्यांना एकच प्रश्न विचारला. "लाईट गेली तर हे बंद पडतं का?" आमच्याकडे भारनियमनाच्या दिवसांत निम्मं आयुष्य कंदिलाच्या काचा पुसण्यात गेलेल्या बाईचा हा प्रश्न होता. डॉक्टर मनापासून म्हणाले, "नाही आजी, बॅटरी आत असते, आठ-दहा वर्षं काळजी नाही." पुढे मी वाचत गेले तेव्हा कळलं, की तिचा प्रश्न या यंत्राच्या जन्माचाच प्रश्न होता. १९५७ च्या ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये वीज गेली. तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात वॉल्टन लिलेहाय हे सर्जन लहान मुलांच्या हृदयातली छिद्रं शिवत. टाके घालताना कधीकधी हीच मधली वाट दुखावे आणि मग त्या मुलांचं हृदय काही दिवस भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या मोठ्या पेटीच्या आधाराने धडधडे. वायर जेवढी लांब, तेवढंच त्या मुलाचं जग. त्या वीज जाण्यानंतर लिलेहाय यांनी दवाखान्यातली उपकरणं दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकन या तरुणाला बॅटरीवर चालणारं काहीतरी करायला सांगितलं. बॅकनला एका जुन्या इलेक्ट्रॉनिक्स मासिकात मेट्रोनोमचं, म्हणजे गाणाऱ्यांना ठोके देणाऱ्या यंत्राचं सर्किट सापडलं. त्यावरून काही आठवड्यांत त्याने गळ्यात अडकवता येईल एवढी डबी केली. संगीतातली लय धरणारं सर्किट पोरांच्या छातीची लय धरायला गेलं. आईला हे सांगितलं तेव्हा तिने फक्त त्या मुलांचं विचारलं. "जगली का गं ती?"

मशीन बसलं. डाव्या कॉलरबोनच्या खाली दोन-अडीच इंचांचा छेद, शिरेतून खाली सोडलेल्या दोन तारा आणि त्वचेखाली आगपेटीहून लहान, पंचवीस-तीस ग्रॅमची चपटी डबी. चार दिवसांत घरी. खरा बदल घरी आल्यावर सुरू झाला, आणि तो कुठल्याही माहितीपत्रकात नव्हता. तारा आत रुजेपर्यंत दीड महिना डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. म्हणजे वेणी घालता येणार नाही. आईचे केस मी आयुष्यात कधी विंचरले नव्हते, नेहमी तिनेच माझे. पहिल्या सकाळी ती पाटावर बसली, मी मागे खुर्चीवर. खोबरेल तेलाचा वास, तिची विरळ झालेली पांढरी बट, मानेवरचा तो तीळ, जो माझ्याही मानेवर तिथेच आहे आणि मला ठाऊकच नव्हता, कारण आपली मान आपल्याला दिसत नाही. आंबाडा काही केल्या जमेना. ती न वळता सांगत होती, "आधी पेड घट्ट घे. आता आत दुमड." वरून बघताना डाव्या बाजूला डबीचा उंचवटा दिसायचा, कातडीखाली ठेवलेल्या पाकिटासारखा, वर टाक्यांची लालसर रेघ. आपलं लुगडं-पातळ किती डावं आहे, ते मला तेव्हा कळलं. पदर डाव्या खांद्यावर, पदराची पिन तिथेच, ब्लाउजचा काठ तिथेच काचतो. आणि आईचा बटवा, ज्यात दहाच्या नोटा, एसटीचा पास, किल्ली आणि अलीकडे मोबाइल, तोही चाळीस वर्षं ब्लाउजमध्ये डावीकडेच. फोन मशीनपासून वीतभर लांब हवा, असं सांगितल्यावर तिने बटवा उजवीकडे नेला. पण दुकानात पैसे काढताना हात आधी डावीकडेच जातो, त्या उंचवट्याला लागतो, थबकतो, मग उजवीकडे वळतो. दादाने हौसेने आणलेली इंडक्शनची शेगडी माळ्यावर गेली, कारण तिच्यापासून दोन फूट लांब उभं राहून भाकरी थापता येत नाही. मंदिराच्या दारातल्या मेटल डिटेक्टरच्या चौकटीपाशी ती कार्ड काढून दाखवते आणि हळू आवाजात म्हणते, "मला मशीन बसवलंय." इतक्या हळू, की पहारेकऱ्याला ते दोनदा सांगावं लागतं.

मी रात्री-रात्री वाचत बसायचे. त्यात स्टॉकहोमची एक गोष्ट आहे, ती मला अजून सोडत नाही. आर्ने लार्सन नावाचा त्रेचाळीस वर्षांचा माणूस, आईला झालं तेच दुखणं, दिवसातून वीस-तीस वेळा शुद्ध हरपायची. त्याची बायको एल्स-मारी हिने कुठेसं वाचलं, की कॅरोलिन्स्का रुग्णालयात ऑके सेनिंग हे सर्जन आणि रुने एल्मक्विस्ट हे इंजिनिअर प्राण्यांवर असलं काही प्रयोग करतायत. ती जाऊन थडकली. माणसासाठीचं यंत्र आमच्याकडे नाही, असं त्यांनी सांगितलं. तर मग करा, असा तिने हट्ट धरला. एकाच दिवशी ती प्रयोगशाळा आणि रुग्णालय यांच्यामध्ये हेलपाटे घालत राहिली. शेवटी एल्मक्विस्टने दोन ट्रान्झिस्टर आणि छोटी बॅटरी जोडून ती इपॉक्सी राळेत ओतली. साचा म्हणून वापरली बूटपॉलिशची डबी. ८ ऑक्टोबर १९५८ रोजी ते यंत्र लार्सनच्या शरीरात शिवलं गेलं. काही तासांत ते बंद पडलं, मग राखीव ठेवलेलं दुसरं बसवलं. पुढे आयुष्यभरात त्याच्या शरीरात एकूण २६ पेसमेकर बसले. तो २००१ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, कर्करोगाने गेला. त्याला वाचवणारा सर्जन आणि इंजिनिअर दोघेही त्याच्या आधी गेले होते. लोक त्या गोष्टीत डबी बघतात, सर्जन बघतात. मला ती बाई दिसते. नवऱ्याची तिसावी भोवळ तिने पहिलीइतकीच खरी मानली. तिच्या घरात कुणी म्हणालं नाही, की ऊन फार आहे.

या वेळी तपासणीच्या रांगेत आमच्या शेजारी एसटीतून निवृत्त झालेले एक चालक बसले होते. त्यांच्याही छातीवर तसाच उंचवटा, जरा मोठा. आईने अगदी सहज विचारलं, "तुमचंही माझ्यासारखंच का?" ते म्हणाले, "नाही ताई. तुमचं ढकलणारं, माझं लगाम घालणारं." त्यांचं हृदय अचानक उधळायचं, आणि तसं उधळलेलं हृदय काही मिनिटांत माणूस संपवतं. त्यांच्या डबीने ते ओळखून आतल्या आत विजेचा झटका द्यायचा. त्यांना तो एकदाच बसला होता. उसाला पाणी देताना, बांधावर. "घोड्यानं छातीवर लाथ घालावी तसं. पाण्यात पडलो. उठलो तेव्हा कळलं, वाचलो." थोडं थांबून ते म्हणाले, "पण तेव्हापासून एकटा रानात जात नाही. मरणाची नाही, आता त्या लाथेचीच धास्ती वाटते." हे यंत्र मायकेल मिरोव्स्की या डॉक्टरने केलं. १९६६ मध्ये त्यांचे गुरू हॅरी हेलर असेच, उधळलेल्या हृदयाने गेले. अशा माणसाला जन्मभर दवाखान्यात झटक्याच्या पेटीशेजारी ठेवता येत नाही, मग ती पेटीच माणसात का ठेवू नये, हा विचार त्यांनी धरून ठेवला. जाणत्यांनी विरोध केला, तरी चौदा वर्षं धरून ठेवला. ४ फेब्रुवारी १९८० रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पहिल्या माणसाला ते बसलं. त्या चालकांनी ते बसवायला दोन गुंठे जमीन विकली होती. आईने ते ऐकून माझ्याकडे पाहिलं. आपल्याला काही विकावं लागलं नाही, एवढंच त्या पाहण्यात होतं.

खंबाटकी घाटात गाडी हळू झाली तेव्हा तिने विचारलं, "मी गेल्यावर हे माझं काढून त्यांच्यासारख्या कुणाला देता येतं का?" असा प्रश्न आईच्या तोंडून ऐकायला कुणाची तयारी असते? पण मी वाचलेलं होतं, आणि या वेळी मी टाळलं नाही. अग्नी देण्याआधी मशीन काढावंच लागतं, कारण उष्णतेने आतली बॅटरी फुटते. मुंबईतल्या एका रुग्णालयातल्या रुग्णांबद्दलचा अभ्यास २०१२ मध्ये अमेरिकेच्या एका वैद्यकीय नियतकालिकात आला होता. अमेरिकेतल्या माणसांच्या शरीरातून काढलेली, नीट निर्जंतुक केलेली, झटका देणारी १०६ यंत्रं ८१ गरीब रुग्णांना बसवली गेली. निम्म्याहून जास्त लोकांना त्या वापरलेल्या यंत्रांनी जीवघेण्या क्षणी सावरलं. मी हे सांगत होते आणि बाहेर घाटातल्या करवंदीच्या जाळ्या मागे पडत होत्या. ती लक्षपूर्वक ऐकत होती. मग म्हणाली, "लिहून ठेव कुठेतरी. दादाला सुचायचं नाही त्या वेळी." माझा घसा भरून आला होता आणि ती खिडकीची काच पुढे ओढत होती, वारा लागतो म्हणून.

रात्री सगळे झोपल्यावर मी तपासणीचा कागद पुन्हा काढला. वाड्यातल्या मधल्या खोलीचा दिवा, समोर देवघरातली समई शांत झालेली, तेलाचा जळका वास अजून रेंगाळत होता. कागदावर एक नाही, दोन आकडे होते. खालचे कप्पे: मशीनचे ठोके ९८ टक्के. आणि त्याच्या वरच्या ओळीत, वरचे कप्पे: मशीनचे ठोके ४ टक्के. तो मुलगा घाईत होता, त्याने खालचा आकडा वाचला. आम्हीही तेवढाच ऐकला. मी तो कागद हातात घेऊन किती वेळ बसले, आठवत नाही. वरचे ९६ टक्के तिचे होते. हाक अजूनही तीच देते. भाकरी थापताना किती वेगाने, जिना चढताना किती, नातू शाळेतून उशिरा आला तर किती, हे सगळं तो पुंजकाच ठरवतो. मशीन ऐकत बसतं. वरची हाक ऐकू आली, की क्षणभर वाट बघतं, खाली आपोआप पोचते का म्हणून. पोचली तर गप्प राहतं. नाही पोचली, तरच खाली निरोप देतं. त्या टायटॅनियमच्या डबीचं निम्मं काम ठोका देण्याचं आहे. उरलेलं निम्मं ऐकण्याचं, आणि ते आधी होतं.

आई जागीच होती. अंधारात तिच्या बांगड्या वाजल्या. मी तिच्या उशाशी बसून हे सगळं सांगितलं, जमेल तसं, बोटाने पांघरुणावर वरचा मजला, खालचा मजला काढून. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे सासूबाई माडीवरून हाक मारायच्या, तसं. मी खाली चुलीपाशी, चुलीच्या फुंकणीपुढे काही ऐकू यायचं नाही. मग मधल्या जिन्यात तुझी आत्या उभी राहून सांगायची, वहिनी, आई बोलावतायत." तिने छातीवर हात ठेवला, पदरावरून, त्या उंचवट्यावर. "हाक सासूबाईंचीच असायची. काम माझंच असायचं. आत्या नुसती सांगायची."

"हो. अगदी तसं."

"मग त्या पोराने तसं का नाही सांगितलं?"

मी उत्तर दिलं नाही. तिचा हात माझ्या हातात घेतला आणि उगाच, भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता, अंगठ्याखाली तिची नाडी शोधली. लागली. सरळ, सावकाश. मग मी विचारलं, दीड वर्षापूर्वी विचारायला हवं होतं ते. "आई, पहिल्यांदा तुला अंधारी आली, ते नक्की कधी?"

ती उशीवर जरा सरकून बसली. "हळदीकुंकवाच्या आधीची गोष्ट आहे ती. तुम्हाला कुणाला मी बोललेच नाही. माघातलं ऊन होतं. मी गच्चीवर पापड वाळत घालत होते, अर्धी बाज भरून झाली होती…"